माती हलते तेथे बी हलते
नदीकाठच्या बांधकामात व भरावात परकी झाडे पसरू नयेत म्हणून घ्यावयाची काळजी

नदीकाठची कामे करणाऱ्या बांधवांची संख्या आमच्या वाचकांत मोठी आहे. कोणाचा जेसीबी भाड्याने फिरतो, कोणाचे डंपर आहेत, कोणी मुरूम व डबर पुरवितो, कोणी गवंडीकामाचा ठेका घेतो, तर कोणाची रोपवाटिका आहे. संरक्षक भिंत, घाट, दगडी पिचिंग, पुलाचा जोडरस्ता, गाळ उपसणे, सखल जागेत भराव टाकणे अशी ही कामे असतात. त्यांचा हिशेब मांडताना डिझेल, मजुरी, सिमेंट, वाहतूक व यंत्राचे भाडे बारकाईने धरले जाते. एक गोष्ट मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात सहसा दिसत नाही. ती म्हणजे मातीबरोबर फुकट येणारे बी.

काम पुरे होते, बिल निघते, यंत्रे दुसऱ्या साइटवर जातात. पहिला पाऊस पडतो आणि नव्या भरावावर गुडघाभर गाजर गवत उभे राहते. काठावर बेशरमीची रांग लागते. तक्रार येते ती ठेकेदाराकडे, आणि नुकसान होते ते शेजारच्या शेतकऱ्याचे, गुराख्याचे व मच्छीमाराचे. हे बहुतांशी टाळता येते व त्यास खर्चही थोडा लागतो, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

परके सगळेच वाईट काय?

तसे मुळीच नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, पपई, काजू ही सारी अमेरिका खंडातून आपल्याकडे आली आणि आपल्या स्वयंपाकघराची व बाजाराची झाली. बाहेरून आलेला जीव जेव्हा माणसाच्या हाताबाहेर जातो, स्वतःहून पसरतो आणि इथले गवत, झाडे, मासे यांना हुसकावून लावतो, तेव्हा त्यास आक्रमक म्हणतात. मूळ प्रदेशात त्यास खाणारे किडे व रोग असतात. येथे येताना ते मागेच राहिलेले असतात, म्हणून त्याची वाढ रोखणारे कोणी उरत नाही.

जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शासकीय मंचाने २०२३ मध्ये या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. माणसाने एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेलेल्या जाती ३७ हजारांहून अधिक असून त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक अपायकारक ठरल्या आहेत, असे त्यात म्हटले आहे. २०१९ साली जगाचे यामुळे झालेले वार्षिक नुकसान ४२३ अब्ज डॉलरहून अधिक असल्याचा अंदाजही त्यात दिला आहे. यातील बराचसा प्रवास व्यापाराच्या मालाबरोबर झालेला आहे, म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेणे आम्हास योग्य वाटले.

पुण्याचा अनुभव

आपल्याच राज्यातील उदाहरण पाहू. गाजर गवत, ज्यास काँग्रेस गवतही म्हणतात, हे मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतले. पुण्यात ते १९५५ च्या सुमारास आढळले व त्याची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज देशाच्या बहुतेक भागांत ते आहे. एका जोमदार झाडास १५ ते २५ हजार बिया येतात. बी इतके बारीक असते की मुठीतल्या मातीत शेकडो बिया असल्या तरी डोळ्यांस कळत नाही. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर खाज व पुरळ उठते, परागामुळे दमा असणाऱ्यांस त्रास होतो, आणि ज्या कुरणात ते माजते तेथे चारा उरत नाही.

मेक्सिकोतून आणलेला भुंगा १९८४ मध्ये बंगळूर येथे यावर सोडण्यात आला. हा भुंगा पावसाळ्यात पाने खाऊन पुष्कळ मदत करतो, तरी गवत संपलेले नाही. एकदा पसरलेले परत गोळा करणे किती कठीण असते, याचा हा सत्तर वर्षांचा पुरावा आहे.

नदीकाठीच धोका अधिक का?

याची तीन कारणे आहेत. पहिले, यंत्राने काठ खरवडला की जुने गवत व झुडपे निघून जातात आणि जमीन उघडी पडते. उघड्या जमिनीवर सर्वांत आधी उगवतात ती हीच आडदांड झाडे. दुसरे, वाहते पाणी बी व फांद्यांचे तुकडे घेऊन खालच्या गावांपर्यंत जाते. एका साइटवरची चूक पुढच्या अनेक मैलांना भोवते. तिसरे, पूर आला की काठावरचे शेतात शिरते. २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली, २०२१ मध्ये चिपळूण, असे पूर आपल्या वाचकांनी स्वतः सोसले आहेत. चिपळूणच्या पुरानंतर वाशिष्ठी नदीतील गाळ काढण्याचे मोठे काम झाले. राज्यात गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार या योजनेखालीही २०१७ पासून धरणांतील गाळ शेतांत नेला जात आहे. गाळ काढणे आवश्यकच आहे. परंतु ज्या जलाशयात जलपर्णी माजलेली असते त्याच्या गाळात तिचे बी असते, व ते १५ ते २० वर्षेही जिवंत राहू शकते. असा गाळ कोरड्या शेतात गेला तर फारसे बिघडत नाही. तोच गाळ दुसऱ्या तळ्याच्या किंवा ओढ्याच्या काठी भराव म्हणून पडला तर जलपर्णीस नवे घर मिळते.

बी कोणकोणत्या वाटांनी येते?

पहिली वाट भरावाची. रस्त्याकडेची, पडीक प्लॉटवरची किंवा जुन्या उकिरड्याची वरची माती स्वस्त पडते, कधी फुकटही मिळते. तीच सर्वांत धोक्याची. खोलवरच्या खाणीतील ताज्या मुरमात बी जवळजवळ नसते. खाणीच्या तोंडाशी वर्षभर पडून राहिलेल्या ढिगात ते असते. विटा, कौले व कुंड्या यांच्या राशीखाली शंखी गोगलगायही दडून बसते. ही मूळची पूर्व आफ्रिकेतली. ती मातीत एका वेळी शेकड्याने अंडी घालते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) भागांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, हे शेतकरी विसरलेले नाहीत.

दुसरी वाट यंत्राची. पोकलेनच्या चेनमध्ये, जेसीबीच्या बकेटच्या कोपऱ्यात, डंपरच्या चाकांच्या आतल्या बाजूस ओला चिखल घट्ट बसतो. तो पुढच्या साइटवर वाळून गळतो. ऑस्ट्रेलियात वापरलेले यंत्र आयात करताना त्यावर माती वा वनस्पतीचे अवशेष आढळले तर ते पुन्हा साफ करावे लागते अथवा परत पाठवावे लागते. इतकी कडक तपासणी ते उगीच करीत नाहीत.

तिसरी वाट तोडलेल्या तुकड्यांची. बेशरम हे नाव लोकांनी उगीच दिलेले नाही. तिची फांदी तोडून ओल्या मातीवर टाकली की ती मूळ धरते. जेसीबीने बेशरमीचे रान चिरडले की एका झुडपाचे पन्नास तुकडे होतात आणि ते भरावात मिसळले की पन्नास झुडपे होतात. जनावरांस ती विषारी आहे. शेळ्यांना तर विशेष.

चौथी वाट रोपांची. नदीकाठ सुशोभित करण्याच्या कामात पिवळ्या फुलांचे वेडेलिया उतारावर लावले जाते. ते दिसते छान, पण पेऱ्यापेऱ्याला मुळे फोडून पसरते व खालचे गवत मारते. घाणेरीही शोभेचे झाड म्हणूनच देशात आली आणि जंगलभर झाली. जलपर्णी तर तिच्या जांभळ्या फुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणली गेली. आज पवना, इंद्रायणी, उल्हास, पंचगंगा या नद्यांत तिचे काय झाले आहे ते आपण पाहतोच. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात व उबदार हवेत ती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते.

पाचवी वाट पाण्याची. पंप, पाइप, होडी, बार्ज यांत साचलेल्या पाण्याबरोबर एका जलाशयातील जीव दुसऱ्यात जातात. समुद्रकाठी हीच गोष्ट जहाजांमुळे झाली. मध्य अमेरिकेच्या बाजूचा एक काळपट शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला व पुढे मुंबईच्या गोदीतही सापडला. जहाजांच्या तोल राखणाऱ्या पाण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला व ८ सप्टेंबर २०१७ पासून अंमलात आला. खाडीत बार्ज चालविणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

बन्नीचा धडा

जमीन वाचविण्याच्या चांगल्या हेतूनेही मोठी चूक होऊ शकते, याचे उदाहरण कच्छमधील बन्नीचे आहे. रणाचा खारटपणा पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस तेथे वेडी बाभूळ लावण्यात आली. गुरांनी तिच्या गोड शेंगा खाल्ल्या, बी शेणातून सर्वत्र पडले आणि देशातील एका नामांकित कुरणाच्या फार मोठ्या भागावर बाभळीचे रान झाले. तेथील मालधारी, ज्यांत मुस्लिम पशुपालक बहुसंख्य आहेत, पिढ्यान् पिढ्या गुरे राखून जगत आले. त्यांच्या चाऱ्याची जागा काट्यांनी घेतली. काहींना कोळसा पाडण्याचा धंदा मिळाला हे खरे, पण गेलेले गवत त्यातून परत आले नाही. खारवट अथवा पडीक जमीन सुधारण्यासाठी झपाट्याने वाढणारे परके झाड सुचविले गेले, तर बन्नीची आठवण ठेवावी.

इंग्लंडची दुसरी तऱ्हा

ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात बागांसाठी जपानहून एक झाड नेण्यात आले. त्यास जपानी नॉटवीड म्हणतात. त्याच्या जमिनीखालच्या खोडाचा नखाएवढा तुकडा मातीत राहिला तरी नवे झाड उभे राहते. तेथे १९८१ च्या कायद्याने ते रानात पसरविणे गुन्हा आहे आणि १९९० च्या पर्यावरण कायद्याखाली त्याचे तुकडे असलेली माती नियंत्रित कचरा ठरते. ती परवाना असलेल्या जागीच टाकावी लागते. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी लंडनमध्ये ली नदीकाठची जुन्या कारखान्यांची जमीन साफ करताना या झाडापायी फार श्रम व पैसा लागला. घर विकतानाही ते जागेत आहे काय, हे तेथे सांगावे लागते. यातून तेथील ठेकेदार माती उचलण्यापूर्वी ती तपासून घेण्यास शिकले.

आपल्याकडेही कायदा हळूहळू त्या दिशेने चालला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. तिच्याद्वारे परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांवर नियम अथवा बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. आज सवय लावून घेतली तर उद्या नियम आल्यावर धावपळ होणार नाही.

प्रत्यक्ष काय करावे?

१. काम सुरू होण्यापूर्वी जागा पायी फिरून पाहावी. मुकादमाबरोबर गावातला एखादा शेतकरी किंवा मच्छीमार घ्यावा. कोणते झाड कधीपासून आले ते तोच सांगेल. गाजर गवत, बेशरम, घाणेरी, वेडी बाभूळ जेथे दिसेल तेथे चुन्याच्या फक्कीने खूण करावी.

२. मुरूम व माती घेण्याआधी खाणीवर स्वतः जावे. ढिगावर गाजर गवत उभे असेल तर तो ढीग घेऊ नये, किंवा वरचा थर बाजूस करून आतला माल घ्यावा. पुरवठादार बांधवांनीही स्वच्छ माल वेगळा ठेवावा. त्यास चांगला भाव मागता येईल.

३. खूण केलेल्या जागेची वरची वीतभर माती वेगळी काढावी व ती साइटबाहेर नेऊ नये अथवा विकू नये. गाजर गवताचे बी जमिनीच्या अगदी वरच्या थरातूनच उगवते. तेव्हा अशी माती भरावाच्या तळाशी घालून वर जाड स्वच्छ मुरमाचा थर दाबून बसविल्यास ती निरुपद्रवी होते. मात्र बी खाली काही वर्षे जिवंत राहते, म्हणून तो भाग पुन्हा उकरू नये.

४. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वीच मुळासकट उपटावे. मजुरांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व तोंडास फडके द्यावे. ज्याच्या अंगावर पुरळ उठते त्यास दुसरे काम द्यावे.

५. बेशरम यंत्राने चिरडू नये. माणसे लावून ती मुळासकट काढावी, तुकडे वेचावेत व पूररेषेच्या वर, खडकावर किंवा फरशीवर पसरून पुरते कुरकुरीत होईपर्यंत वाळवावेत. भरावात एकही ओला तुकडा जाऊ नये. वेड्या बाभळीचा नुसता बुंधा तोडल्यास तो पुन्हा फुटतो, म्हणून खोड मुळासकट उखडावे.

६. जलपर्णी काढली तर काठावर ढीग ठेवू नये. पहिल्याच पाण्याने ती परत नदीत जाते. ती उंच जागी नेऊन तिचे खत करावे. कारखान्याचे पाणी मिसळणाऱ्या ठिकाणची जलपर्णी जड धातू शोषून घेते, म्हणून ती जनावरांस घालू नये व तिचे खत भाजीपाल्यास वापरू नये.

७. पाण्याच्या कडेला तणनाशक मारण्याची घाई करू नये. ते विहिरीत व माशांपर्यंत जाते.

८. यंत्र साइटवरून हलविण्यापूर्वी धुणे हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. आधी पहारीने व ब्रशने वाळलेला चिखल पाडावा, मग प्रेशर पंपाने बकेट, चेन, चाके व खालचा भाग धुवावा. शेवटी केबिनची मॅट व चालकाचे बूट. धुण्याची जागा नदीपासून दूर असावी व पाणी शोषखड्ड्यात जावे. पंप, पाइप व होडी यांतले पाणी तेथेच सांडून त्या उन्हात वाळवाव्यात. ब्रिटनमध्ये २०११ पासून चाललेल्या मोहिमेने हे तीन शब्दांत सांगितले आहे: तपासा, धुवा, वाळवा.

९. उघडी जमीन पावसापूर्वी झाकावी. उतारावर वाळा व हराळी, काठाजवळ वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर ही आपली झाडे माती धरून ठेवतात व परक्यांस जागा देत नाहीत. खाडीकाठी तिवरांना हात लावू नये. कांदळवनात भराव टाकणे बेकायदेशीर आहे.

१०. दोन पावसाळे साइटवर चक्कर मारावी. पहिल्या वर्षी दहा रोपे उपटणे एका मजुराचे सकाळचे काम असते. तिसऱ्या वर्षी तेच टोळीचे काम होते.

खर्च कोणी सोसावा?

येथे बांधव म्हणतील, निविदेत याचे पैसे कोठे आहेत? प्रश्न रास्त आहे. हिशेब असा पाहावा. यंत्र धुण्यास एक-दोन तास लागतात. उलट, समजा भरावावर बेशरम माजली. कामाच्या दोषदायित्वाचा कालावधी चालू असेल तर ती काढून देण्याची जबाबदारी ठेकेदाराच्या गळ्यात पडू शकते आणि तोवर अनामत रक्कम अडकते. यंत्र पुन्हा आणावे लागते, त्याची वाहतूक पदरची जाते, व पुढच्या कामासाठी नाव खराब होते ते वेगळेच.

म्हणून निविदापूर्व बैठकीत यंत्र धुणे, वरची माती वेगळी ठेवणे व दोन वर्षे तण काढणे या बाबी अंदाजपत्रकात स्वतंत्र मांडण्याची मागणी करावी. खाजगी कामात दरपत्रकातच त्या लिहाव्यात. सर्वांनी मागणी केली तर कमी दराच्या चढाओढीत स्वच्छ काम करणारा मागे पडणार नाही. यंत्र भाड्याने देणाऱ्यांनी आपले यंत्र धुऊन येते व धुऊन जाते अशी ख्याती मिळविली, तर तेच त्यांचे भांडवल होईल.

कारागिरांसाठी दोन शब्द

काढलेल्या झाडांतून कसबी हातांना काम मिळू शकते. आसाममध्ये जलपर्णीच्या वाळविलेल्या देठांच्या चटया व पिशव्या विणल्या जातात. कर्नाटकातील माले महादेश्वर डोंगरात सोलिगा आदिवासी घाणेरीच्या काड्यांचे फर्निचर करतात. वेताचे व टोपल्यांचे काम जाणणाऱ्या आपल्या बांधवांनी हे करून पाहण्यासारखे आहे. फक्त एक पथ्य पाळावे. माल कमी पडतो म्हणून झाड राखू नये व दुसरीकडे लावू नये. ओला माल उघड्या टेम्पोतून नदीनाल्यांवरून नेऊ नये. जागेवर वाळवूनच हलवावा.

यंत्राचा मालक, चालक, मुरूमवाला, गवंडी व रोपवाटिकावाला यांपैकी प्रत्येकाच्या हातात एक वाट बंद करण्याची किल्ली आहे. ज्यांची यंत्रे या आठवड्यात एका साइटवरून दुसरीवर जाणार असतील त्यांनी ट्रेलरवर चढविण्यापूर्वी चेनमध्ये एकदा वाकून पाहावे. तेथे अडकलेला चिखल काढण्यास अर्धा तास लागेल, आणि खालच्या गावातले एखादे कुरण वाचेल.